आधी सुई, मग बाजार: वापरलेले कपडे पारखून घेण्याची आणि दुरुस्त करून टिकवण्याची रीत

वापरलेले कपडे विकत घेण्याविषयी जे सल्ले दिले जातात, त्यांची सुरुवात बहुधा दुकानांच्या यादीने होते आणि दुरुस्तीचा विषय शेवटी, जमलेच तर पाहा अशा स्वरात येतो. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. कपड्यातला कोणता दोष दहा मिनिटांत निघतो आणि कोणता कधीच निघत नाही हे ज्याला कळत नाही, तो बाजारात दोन्ही बाजूंनी फसतो. एक बटण नाही म्हणून तो चांगला शर्ट सोडून देतो आणि रंगाला भुलून विरलेले कापड घरी आणतो. म्हणून या लेखात आधी दुरुस्ती, मग खरेदी आणि शेवटी घेतलेल्या कपड्यावरची खास कामे असा क्रम ठेवला आहे.

जुन्या कपड्यांचा व्यापार आपल्याकडे अजिबात नवा नाही. जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्रातल्या शहरांत कित्येक पिढ्या फिरत आली आहे, आणि मुंबईत हा धंदा मुख्यतः गुजरातमधून आलेल्या वाघरी समाजातील स्त्रियांनी सांभाळला. त्यांनी गोळा केलेल्या कपड्यांतले चांगले कपडे निवडून, धुऊन, टाके घालून आणि इस्त्री करून पुन्हा विकले जातात, तर निकामी सुती कापड यंत्रे पुसण्याच्या चिंध्यांसाठी जाते. लोकरीच्या चिंध्यांचा मोठा हिस्सा हरियाणातील पानिपतला पोहोचतो आणि तिथे त्या पिंजून, त्यांचे पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटे विणली जातात.

पर्यावरणाच्या हिशेबाबाबत मात्र थोडे सावध राहावे. एक किलो सुती कापडामागे जागतिक सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी खर्च होते, असा अंदाज नेहमी दिला जातो. विदर्भातला बराचसा कापूस कोरडवाहू असल्याने तिथे या आकड्यातला मोठा वाटा पावसाच्या पाण्याचा असतो. पण रंगाई, छपाई आणि धुलाई यांत नासणारे नदीनाल्यांचे पाणी कापूस कुठलाही असला तरी तेवढेच खरे असते. जुना शर्ट घेतल्याने हे पाणी वाचते ते एकाच अटीवर: त्या शर्टामुळे एक नवा शर्ट घेणे टळले पाहिजे. स्वस्त मिळाले म्हणून दर रविवारी पिशवीभर जुने कपडे आणणाऱ्याचे कपाट नवे कपडे घेणाऱ्याच्या कपाटाइतकेच फुगते.

घरचे कपाट उघडावे

पहिली पायरी बाजारात नाही. कपाटातले सगळे कपडे बाहेर काढून त्यांचे तीन गठ्ठे करावेत: नेहमी अंगावर असलेले, किरकोळ दुरुस्तीसाठी पडून राहिलेले आणि कधीच न घातलेले. दुसरा गठ्ठा बहुतेक घरांत अपेक्षेपेक्षा मोठा निघतो, कारण तुटलेली चेन आणि सुटलेला काठ ही कामे कुणाच्याच वाट्याची नसतात. तो गठ्ठा हीच आपली शाळा. त्यातले कपडे आपलेच असल्याने टाका वाकडा पडला तरी नुकसान होत नाही, आणि तो संपेपर्यंत खरोखर काय विकत घ्यायचे आहे याची यादी आपोआप आखूड होते.

उरलेली यादी नेमकी लिहावी. ‘काही टॉप’ असे न लिहिता ‘कार्यालयात घालण्याजोगे, पूर्ण बाह्यांचे, सुती, फिक्या रंगाचे दोन कुर्ते’ असे लिहिले, तर बाजारात पाय भलतीकडे वळत नाहीत. सोबत आपल्याला उत्तम बसणारा एक शर्ट किंवा कुर्ता आणि एक पँट सपाट पसरून मोजावी: एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंतची रुंदी, खांद्याची रुंदी, बाहीची व अंगाची उंची, कमर आणि पायाची आतली उंची. ही मापे मोबाइलमध्ये ठेवावीत. लेबलावरचा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, शिवाय जुना कपडा धुऊन आटलेला असतो, म्हणून मोजपट्टीच खरी. रस्त्यावरच्या बाजारात कपडा घालून पाहण्याची सोयही बहुधा नसते.

सुई-दोऱ्याची तयारी आणि चार कामे

साहित्य थोडेच लागते, पण ते चांगले असावे. बारीक आणि मध्यम सुयांचे एक पाकीट, होजियरीसाठी, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडासाठी, गोल टोकाच्या सुया, अंगुस्तान, टाचण्या, लहान धारदार कात्री, शिवण उसवण्याचा रिपर, खडू आणि पांढरा, काळा, करडा, खाकी व गडद निळा अशा पाच रंगांचे दोरे एवढे पुरते. दोरा निवडताना एक नियम पाळावा: तो कापडापेक्षा मजबूत नसावा. जुन्या मऊ सुती कापडाला जाड पॉलिस्टरचा दोरा घातला, तर ताण पडल्यावर दोरा तसाच राहतो आणि कापड कापले जाते. त्याऐवजी दोरा तुटणे परवडते, कारण शिवण पुन्हा घालता येते.

बटण लावणे हे पहिले काम. बटणाच्या वर काडेपेटीतली एक काडी आडवी ठेवून तिच्यावरून दोरा चार-पाच वेळा न्यावा, मग काडी काढून बटण वर ओढावे आणि बटण व कापड यांच्यामध्ये राहिलेल्या सैल दोऱ्याभोवती तोच दोरा तीन-चार वेढे घेऊन गाठ मारावी. अशी मान ठेवल्याने काजाच्या बाजूचे जाड कापड बटणाखाली नीट बसते. कोट किंवा जाड कुर्त्यावर बटणाच्या मागे, आतल्या बाजूला, एक लहान सपाट बटण किंवा कापडाचा तुकडा धरला तर कापड फाटत नाही.

दुसरे काम उसवलेली शिवण. हातानेच शिवायचे असेल तर उलटी टीप घालावी, म्हणजे प्रत्येक टाका अर्धा मागे येऊन पुढे जावा; ही शिवण यंत्राच्या टिपेइतकी टिकाऊ असते. उसवलेल्या जागेच्या दोन सेंटिमीटर आधी, शाबूत शिवणीवर, सुरुवात करावी आणि पलीकडे तितकेच पुढे जाऊन थांबावे, नाहीतर आठवड्याभरात टोकापासून पुन्हा उसवायला लागते.

तिसरे काम हेम. पँटची किंवा कुर्त्याची खालची दुमड शिवताना सुईने बाहेरच्या कापडाचे एक किंवा दोनच धागे उचलावेत आणि दोरा सैल ठेवावा. घट्ट ओढलेला हेम बाहेरून खळ्यांच्या रांगेसारखा दिसतो.

चौथे काम भोकाचे, आणि इथे घाई चालत नाही. मागावर विणलेल्या कापडातले लहान भोक रफूने भरावे. कापड उलट्या वाटीवर हलके ताणून धरावे, भोकाच्या कडेचे सुटे धागे कापू नयेत, कारण त्यांच्याच आधाराने नवे विणकाम घट्ट बसते. भोकाच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर बाहेर, मजबूत कापडात, धावदोरा सुरू करून भोकावरून समांतर ओळी टाकाव्यात आणि प्रत्येक ओळीच्या वळणावर दोऱ्याचा अगदी लहानसा फास सैल सोडावा; धुतल्यावर दोरा आटतो तेव्हा ही सैल जागा उपयोगी पडते आणि कापड गोळा होत नाही. मग आडव्या दिशेने एका धाग्याखालून आणि दुसऱ्यावरून सुई नेत जाळी विणावी. दोरा शक्यतो त्याच कपड्याच्या मायेतून, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडातून, ओढून काढलेला असावा, कारण रंग आणि जाडी दोन्ही आपोआप जुळतात. काश्मिरी शालींच्या दुरुस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातील नजीबाबादच्या रफूगारांचे काम पाहिले, तर या कौशल्याची वरची मर्यादा किती उंच आहे हे कळते. घरच्या कपड्याला तितकी सफाई लागत नाही, आणि अंगठ्याच्या नखाहून मोठे भोक असेल तर रफूपेक्षा ठिगळच चांगले.

ही चार कामे हाताला बसली की बाजारातले दोष तीन गटांत दिसू लागतात. शिवणीचे दोष (उसवण, तुटलेले बटण, निघालेला हेम, बिघडलेली चेन) सहज निघतात. कापडाचे एका जागेपुरते दोष (भोक, खिळ्याला अडकून पडलेली काटकोनी खोच, झिजलेली कॉलर) मेहनतीने निघतात. कापडाच्या प्रकृतीचेच दोष (सगळीकडे विरलेले सूत, मेलेला इलॅस्टिक धागा, सुटणारा रंग) निघत नाहीत, आणि त्या कपड्याला हात लावू नये.

कुठे घ्यावे

सगळ्यात चांगला बाजार म्हणजे नात्यातली आणि ओळखीची कपाटे. बहिणी, मैत्रिणी, सोसायटीतील शेजारी यांच्यात वर्षातून एकदा कपड्यांची अदलाबदल ठरवली, तर कपडा कुणी आणि कसा वापरला हे माहीत असते. वापरलेल्या कपड्याविषयी अनेकांच्या मनात जी अढी असते, विशेषतः तो मयताचा तर नसेल ना ही शंका, तिलाही इथे जागा राहत नाही. बाजारातल्या ढिगाबद्दल ती खात्री कुणीही देऊ शकत नाही, हे सरळ मान्य करावे. लहान मुलांचे कपडे तर अशा देवघेवीसाठीच असतात, कारण मूल कपडा फाडण्याआधी त्याच्या बाहेर वाढते.

पुण्यात मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे लोखंडी अवजारांपासून कपड्यांपर्यंत सगळे मिळते आणि सकाळी लवकर जाणाऱ्याला निवड मिळते. मुंबईत भेंडी बाजाराजवळचा चोर बाजार जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. फॅशन स्ट्रीटला, मग तो मुंबईच्या आझाद मैदानासमोरचा असो की पुणे कॅम्पातला, या यादीत घालण्याची चूक करू नये. तिथे मुख्यतः नवा माल असतो, त्यातला काही निर्यातीतून उरलेला किंवा नाकारलेला. तो स्वस्त असेल, पण वापरलेला नव्हे.

इंटरनेटवर ओएलएक्ससारखी स्थळे आणि इन्स्टाग्रामवरची लहान थ्रिफ्ट, म्हणजे वापरलेल्या कपड्यांची, दुकाने आहेत. तिथे विक्रेत्याने टाकलेल्या देखण्या छायाचित्रावर न जाता उन्हात काढलेली चार छायाचित्रे मागावीत: बगलेची आतली बाजू, कॉलरची घडी, पँटच्या दोन पायांमधली जागा आणि धुलाईचे लेबल. सपाट पसरून घेतलेली मापेही मागावीत. जो विक्रेता ही छायाचित्रे द्यायला टाळतो, त्याच्याकडून घेऊ नये. पैसे ‘मिळवण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करा किंवा पिन टाका असे कुणी सांगितले तर ती फसवणूकच समजावी. यूपीआयमध्ये पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

आतले कपडे, मोजे आणि पोहण्याचे कपडे वापरलेले घेऊ नयेत. पावसाळ्यात ढिगाने कपडे आणणेही टाळावे, कारण आणलेले कपडे धुऊन उन्हात वाळवता येत नाहीत आणि दमट हवेत त्यांचा वास पक्का होतो.

कपडा पारखताना

पारख डोळ्यांपेक्षा हातांनी आणि नाकाने अधिक होते. प्रथम कपडा उलटा करावा. बाहेरून इस्त्री करून सजवलेला शर्ट आतून आपली सगळी हकिकत सांगतो: शिवणीला माया किती सोडली आहे, कडा ओव्हरलॉक केलेल्या आहेत की धागे सुटत आहेत, टीप एकसारखी आहे की जागोजागी सुटलेली. चांगल्या शर्टाच्या शिवणीत एका इंचात निदान दहा ते बारा टाके असतात. माया भरपूर असेल तर कपडा पुढे उसवून सैल करता येतो. माया कापून टाकलेली असेल तर जसा आहे तसाच तो बसला पाहिजे.

मग कपडा उजेडासमोर धरावा. कोपर, गुडघे, बसण्याची जागा आणि मांड्यांच्या आतली बाजू इतर भागांपेक्षा झिरझिरीत दिसत असेल तर तिथले सूत विरत आले आहे. त्या जागी दोन्ही हातांनी, आधी उभ्या आणि मग आडव्या दिशेने, कापड हलके ताणावे. मजबूत कापड तटकन परत येते, विरलेल्या कापडाचे धागे सरकतात किंवा बारीक चर्र असा आवाज येतो. शिवणीच्या दोन्ही बाजूंनीही ताणून पाहावे. टीप शाबूत असूनही तिच्या बाजूने धागे सरकून फट दिसत असेल, तर ते कापड शिवण धरणारे नाही. घट्ट बसणाऱ्या रेशमी आणि सॅटिनच्या ब्लाउजांत हा दोष वारंवार आढळतो.

स्ट्रेच जीन्स किंवा लेगिंग दोन्ही हातांनी ताणून सोडावी. ती पूर्ववत झाली नाही, किंवा पृष्ठभागावर तुटक्या बारीक पांढऱ्या धाग्यांचे केस दिसले, तर आतला इलॅस्टिक धागा मेला आहे. त्याला कोणताही शिंपी जिवंत करू शकत नाही. कमरेच्या नेफ्यातले साधे इलॅस्टिक बदलणे मात्र अगदी सोपे असते, म्हणून तेवढ्या कारणासाठी परकर किंवा पायजमा सोडू नये.

खिशात एक पांढरा रुमाल ओला करून न्यावा आणि गडद कपड्याच्या आतल्या शिवणीवर घासावा. रुमाल रंगला तर तो कपडा पुढची कित्येक वर्षे वेगळा धुवावा लागेल. मीठ किंवा तुरटी घालून रंग पक्का होतो हा समज तयार कपड्यांच्या बाबतीत भरवशाचा नाही.

बगलेचा वास घेताना आधी ते कापड तळहातांत दाबून गरम करावे, कारण थंड कपड्यात दडलेला घामाचा वास उष्णतेने वर येतो. सुती कापडातून तो धुतल्यावर बहुधा जातो, पॉलिस्टरमध्ये टिकतो. लोकरी आणि रेशमी कपड्यांत कसर लागल्याच्या खुणा, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी विखुरलेली भोके, शोधाव्यात. एक भोक दिसले तर दहा असतात. चेन वर-खाली चार वेळा चालवावी. धातूचे दात शाबूत असून नुसता स्लायडर सैल झाला असेल, तर तो पक्कडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबून किंवा बदलून काम होते. दातच पडले असतील तर पूर्ण चेन बदलण्याचा खर्च किमतीत धरावा.

कापड कोणते हे लेबल नसताना ओळखायचे असेल, तर मायेतून एक धागा ओढून तो घरी चिमट्यात धरून जाळावा. सुती धाग्याला जळालेल्या कागदाचा वास येतो आणि मऊ करडी राख पडते. रेशीम आणि लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. ही परीक्षा जुन्या साड्यांच्या बाबतीत विशेष उपयोगी पडते, कारण बाजारात ‘सिल्क’ हा शब्द फार उदारपणे वापरला जातो.

डागांबद्दल दोन शब्द. हळदीचा डाग पाहून घाबरू नये; साबण लागताच तो लाल होतो, पण उन्हात दोन-तीनदा वाळवल्यावर फिका पडत जातो. केळीच्या चिकाचा डाग कायमचा समजावा. पांढऱ्या शर्टाच्या बगलेतला पिवळेपणा क्लोरीनच्या ब्लीचने अनेकदा अधिकच पिवळा होतो.

शेवटी भाव. कपड्याची किंमत, शिंप्याचे अल्टरेशन आणि ड्रायक्लीनिंग मिळून होणारी रक्कम तशाच नव्या कपड्याच्या निम्म्याहून पुढे जात असेल, तर तो घेऊ नये, असा माझा नियम आहे. पैठणी आणि लोकरी कोट यांना मात्र तो लावत नाही.

घरी आणल्यावर

घरी आणलेला कपडा सरळ कपाटात किंवा पलंगावर ठेवू नये. त्याची पिशवी तोंड बांधून बाल्कनीत ठेवावी आणि धुण्याआधी शिवणी, कॉलर आणि खिशांच्या कडा ढेकणांसाठी तपासाव्यात. सुती कपडे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावेत, आणि यंत्राला ती सोय नसेल तर पांढरे सुती कपडे बादलीत कढत पाण्यात बुडवून ठेवावेत. नंतर कडक उन्हात उलटे वाळवून शिवणींवर वाफेची इस्त्री फिरवावी. ढेकूण आणि त्यांची अंडी उष्णतेला टिकत नाहीत.

लोकर आणि रेशीम या उष्णतेला चालत नाही. धुता येणारे रेशीम रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावे, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत वाळवावे. लोकरीच्या कपड्यात किडीची शंका असेल तर तो प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये किमान चार दिवस ठेवावा आणि मग धुवावा. नुसत्या डांबर गोळ्या ठेवल्याने कपड्यातली कीड मरेल या भरवशावर राहू नये. वास मात्र नक्की लागतो आणि तो घालवणे हे वेगळेच काम होऊन बसते.

घेतलेल्या कपड्यावरची खास कामे

वापरलेल्या शर्टाची कॉलर घडीवर झिजलेली असते आणि बाकी शर्ट ठणठणीत असतो, म्हणून असे शर्ट स्वस्तात मिळतात. पूर्वीचे शिंपी कॉलर उलटवून देत असत आणि आजही जुन्या पेठांतले शिंपी ते करतात. रिपरने कॉलर तिच्या उभ्या पट्टीतून पूर्ण उसवावी, पट्टी आणि कॉलर या दोन्हींचे मध्य खडूने खुणवावेत, कॉलर उलटी करून, म्हणजे झिजलेली बाजू खाली घेऊन, पुन्हा पट्टीत बसवावी आणि जुन्या टिपेच्या रेषेवरच टीप मारावी. उलटवण्याआधी झिजलेल्या रेषेवर मागून पातळ कापडाची पट्टी लावली तर ती पुढे फाटत नाही. मात्र तीन ठिकाणी ही युक्ती चालत नाही: टोकांना बटणे असलेली कॉलर, खालच्या बाजूला ताठ पट्ट्यांचे खिसे असलेली कॉलर आणि खालचा थर मध्ये जोड देऊन शिवलेली कॉलर, कारण उलटवल्यावर काज, खिसे किंवा जोड वर दिसू लागतो. हे खरेदीच्या वेळीच पाहावे.

जीन्सच्या मांड्यांमधली जागा फाटण्याची वाट पाहू नये. विरलेली दिसताच आतून ठिगळ द्यावे. ठिगळ जुन्या, धुऊन मऊ झालेल्या जीन्सचे असावे. नवे ताठ कापड लावले तर जुने कापड त्या ठिगळाच्या कडेने फाटते. विरलेल्या भागाच्या चारही बाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर बाहेर जाईल एवढे ठिगळ कापून, त्याचे कोपरे गोल करून, आधी कच्च्या टाक्यांनी जागेवर बसवावे. नंतर कापडाच्या उभ्या धाग्यांच्या दिशेने जवळजवळ यंत्राच्या टिपा माराव्यात. टिपांच्या ओळी सगळ्या एकाच रेषेत संपू न देता काही लांब, काही आखूड ठेवाव्यात, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही.

टी-शर्टच्या भोकाला वरून टाके ओढून बंद करू नये, तिथे हमखास गाठ दिसते. गोल टोकाच्या सुईने भोकाच्या कडेचे सुटे फास एकेक करून दोऱ्यात ओवून घ्यावेत, मग दोरा हलकाच आवळावा. भोक मोठे असेल तर मागून होजियरीचाच तुकडा लावावा. ठिगळ लपवायचे नसेल तर गोधडीला घालतात तसे समांतर दोरे त्यावर रंगीत सुताने घालता येतात. ते शोभून दिसतात, आणि लपवण्याच्या धडपडीतून सुटका होते.

फिटिंगची सगळी कामे स्वतः करण्याचा हट्ट नको. पँटची उंची, कुर्त्याच्या बाजू आत घेणे आणि बाही आखूड करणे घरी जमते. खांदा उतरवणे हे मात्र अवघड काम आहे, कारण त्यासाठी बाही पूर्ण काढून पुन्हा बसवावी लागते. म्हणून खांद्याला न बसणारा शर्ट किंवा कोट घेऊच नये; बाकीचे सगळे कमीजास्त करता येते.

साड्या

वापरलेल्या सुती साडीला आपल्याकडे एक जुनी आणि अजोड दुरुस्ती होती, ती म्हणजे दंड घालणे. साडी मधोमध, बसण्याच्या आणि निऱ्यांच्या भागात विरते, तर पदर आणि काठ धड राहतात. तो विरलेला मधला भाग आडवा कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे, किंवा दोन साड्यांचे चांगले अर्धे भाग, सपाट शिवणीने जोडायचे. जोड निऱ्यांत किंवा आत खोवलेल्या भागात जाईल अशी मोजणी आधी करावी, म्हणजे तो नेसल्यावर दिसत नाही. काठांची रुंदी जुळत नसेल तर हा खटाटोप करू नये. त्या साडीचा कुर्ता किंवा परकर चांगला होतो.

जरीची जुनी साडी घेताना घडीच्या रेषा नीट तपासाव्यात. वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेले रेशीम नेमके त्या रेषेवर कापल्यासारखे फाटते. एका घडीवर फाटले असेल तर मागून मलमलीची किंवा पातळ रेशमाची पट्टी लावून वाचवता येते, पण सगळ्याच घड्या गेल्या असतील तर काठ काढून दुसऱ्या कापडाला लावणे हाच मार्ग उरतो. घेतलेली साडी मलमलीत गुंडाळावी, काही महिन्यांनी तिची घडी बदलावी आणि जरीवर अत्तर किंवा स्प्रे पडू देऊ नये, कारण जर काळी पडते.

कशालाच न उरलेल्या मऊ सुती जुनेराची दुपटी होतात आणि गोधडीचे थर होतात. काही कपडे आपल्याला नको असतात, पण दुसऱ्याच्या उपयोगाचे असतात. ते धुऊन, दुरुस्त करून १९९९ मध्ये सुरू झालेल्या, वापरलेले कपडे गरजूंपर्यंत पोहोचवणाऱ्या गूंजसारख्या संस्थेला द्यावेत किंवा बोहारणीला. देण्याआधी एवढेच पाहावे: कपडा घालण्याजोगा असेल तर त्याची बटणे आणि चेन काढून घेऊ नयेत, कारण त्यांच्याशिवाय तो पुढे विकला न जाता चिंध्यांत जातो. ज्याच्या चिंध्याच व्हायच्या आहेत, त्याची बटणे, हुक, चेन आणि खिशाचे अस्तर आधी उसवून डब्यात टाकावे.